चतुर्थीचं जेवण आणि वजन: गावाला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी सिंधुदुर्गात राहते आणि आहाराचा सल्ला देते. श्रावण सरत आला की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. तिकीट झालेलं असतं, सामान बांधायला घेतलेलं असतं आणि गेल्या काही महिन्यांत मेहनतीने उतरवलेलं वजन दहा दिवसांत परत चढेल, ही धास्ती असते. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

वजन कमी करायचं चाललंय आणि दहा दिवस गावाला जायचंय. डाएट थांबवू की तिथेही चालू ठेवू?

गावाला असताना वजन उतरवायचा हट्ट सोडा. आहे ते टिकवायचं, एवढंच ठरवून निघा. ते नक्की जमतं.

धास्ती सगळ्यांना जेवणाची वाटते, पण जरा हिशोब मांडून बघा. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या पोटात जाव्या लागतात. चतुर्थीचं भरगच्च पान जेवलात, वर मोदकही हात राखून घेतले नाहीत, तरी रोजच्यापेक्षा हजारेक कॅलरी जास्त जातील. एका पानाने कोणी जाड होत नाही. वजन चढतं ते दोन पंगतींच्या मधल्या खाण्याने. सकाळच्या चहाबरोबर दोन चकल्या, येता-जाता डब्यातला एक लाडू, दर्शनाला गेलं की करंजी, रात्री भजनाची उसळ नि पाव. यातलं काहीच जेवण म्हणून मोजलं जात नाही, पण रोज पाच-सहाशे कॅलरी सहज होतात आणि दहा दिवसांत पाच-सहा हजार. म्हणजे पाऊण किलोच्या आसपास.

म्हणून पानावर बसाल तेव्हा मनापासून जेवा आणि मधलं खाणं राखा. पुढची बहुतेक उत्तरं यालाच धरून आहेत.

उकडीचे मोदक किती खावेत?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि जरा दबक्या आवाजात विचारतात. दबकायचं कारण नाही.

मध्यम आकाराच्या मोदकाच्या पारीला पंधरा ग्रॅमच्या आसपास तांदळाची पिठी लागते. आत वीसेक ग्रॅम सारण, त्यात निम्म्याहून जास्त खोबरं आणि बाकीचा गूळ. बेरीज केली तर एक मोदक साधारण 130 कॅलरींचा होतो. त्यावर चहाचा चमचाभर तूप म्हणजे आणखी 45. तुपासकट तीन मोदक खाल्ले तर सव्वापाचशेच्या घरात जातात, शिजवलेल्या भाताच्या अडीच वाट्यांपेक्षा थोडं जास्तच. हे आकडे तुमच्या घरच्या मोदकाच्या मापाप्रमाणे कमी-जास्त होतील. काही घरांतले मोदक लिंबाएवढे असतात, काही घरांतले मुठीत मावत नाहीत. पारी पातळ वळणारा हात घरात असेल तर पीठ कमी आणि सारण जास्त, हेही लक्षात घ्या.

माझा सल्ला असा की चतुर्थीच्या दिवशी मोदक हेच मुख्य जेवण समजा. मोदकपात्रातून निघून नैवेद्य दाखवून झाला की गरम असताना, वरून फोडून, तूप सोडून दोन-तीन मोदक नीट चवीने खा. त्याआधी वरण-भाताची एकच लहान मूद घ्या. दुसऱ्यांदा भात नको. पोट भातानेच भरल्यावर मोदक येतात आणि तरीही चार खाल्ले जातात, घोटाळा तिथे होतो. पंगतीत मोदक शेवटी वाढायची पद्धत असेल तर भात वाढतानाच हात आडवा करा.

संध्याकाळी थंड झालेले मोदक ताटलीत झाकून ठेवलेले असतात. ते येता-जाता एकेक उचलू नका. थंड मोदकाची पारी घट्ट झालेली असते, सकाळची चव त्याला नसते. खायचाच असेल तर परत वाफवून, बसून खा.

तळणीच्या मोदकाचं गणित वेगळं आहे. आकाराने लहान असला तरी तळताना पारी तेल किंवा तूप पिते, आणि एक ग्रॅम स्निग्धात 9 कॅलरी असतात. पिठात किंवा साखरेत त्या 4 असतात. शिवाय तो टिकतो, डब्यात राहतो, हाताशी असतो.

गुळाचं असलं तर चालतं ना?

वजनाच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फरक जवळजवळ नाही. शंभर ग्रॅमला दोन्हींच्या 380 ते 400 कॅलरी. गुळाची चव खमंग असते, थोडी खनिजं असतात, पण त्यासाठी जास्त गूळ खावा इतकी ती नसतात. मधुमेह असेल तर गुळाने रक्तातली साखर वाढतेच.

आमच्याकडे सगळ्यात नारळ असतो. तो टाळायचा कसा?

कोकणात नारळ टाळून स्वयंपाक होत नाही आणि तसा सल्ला मी कधी देणार नाही. पण नारळ कुठे-कुठे येतो ते डोळ्यांसमोर आणा. भाजीवर खोबरं, उसळीला वाटप, वालीच्या शेंगांत खोबरं, सोलकढीत नारळाचा रस, मोदकात चव म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, आणि शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, केले असतील तर परत गूळ घातलेला रस. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी असतात आणि त्या बहुतेक स्निग्धाच्या, तेही संपृक्त प्रकारच्या. मूठभर चव साधारण तीस ग्रॅम धरली तर शंभरेक कॅलरी झाल्या. सुकं खोबरं तर जवळपास दुप्पट.

ज्या पदार्थाचा नारळ हाच जीव आहे तिथे तो राहू द्या. मोदक, शिरवाळे, काळ्या वाटाण्याची उसळ यांत कपात करायला जाऊ नका, पदार्थ बिघडेल आणि घरातले वैतागतील. पण भेंडीच्या, लाल माठाच्या भाजीवर खोबरं भुरभुरवलं तरी पुरतं, ओंजळभर लागत नाही. मोदकांच्या दिवशी नारळाच्या रसाची सोलकढी न करता नुसत्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, मिरची-लसूण ठेचून घातलेली कढी करा. ती तेवढीच रुचते आणि जेवण अंगावर येत नाही.

घरात स्वयंपाक तुमच्या हातात नसेल तर पाहुण्याने फर्मान सोडू नये. उसळीतले वाटाणे जास्त घ्या, रस कमी घ्या. तेवढं पानावर बसून करता येतं.

कोकमाने चरबी वितळते असं ऐकलंय. खरं का?

नाही. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं हे खरं, आणि त्याच्या गोळ्या वजन उतरवायला म्हणून विकल्या जातात. माणसांवर त्याचा भरवशाचा परिणाम दिसलेला नाही. त्या जातीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. घरचं आगळ आमटीला, कढीला वापरा आणि गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. साखरेच्या पाकातलं कोकम सरबत हे सरबतच आहे, ते औषध समजून तीन-तीन पेले पिणारे भेटतात म्हणून सांगते.

पानात सगळंच वाढलेलं असतं. सुरुवात कुठून करू?

भाजी आणि कोशिंबिरीपासून. आणि इथे मला ऋषीच्या भाजीबद्दल दोन शब्द जास्त लिहायचे आहेत.

ऋषिपंचमीला ही भाजी घरोघरी होते. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं, हाताने पिकवलेलं काय-काय जमवायचं. अळूची पानं आणि देठी, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, कणसाचे तुकडे. काही घरांत अंबाडी, काही घरांत कच्ची केळी. सगळं एका मोठ्या टोपात शिजतं. अळू खवखवू नये म्हणून चिंच किंवा कोकम पडतं. जुन्या पद्धतीत तेल-फोडणी नसते. अळूची देठी सोलताना बोटं काळी होतात, कणसाचे तुकडे चोखत खायला वेळ लागतो, आणि त्या वेळातच पोट भरल्याची जाणीव व्हायला लागते. ती जाणीव मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे सावकाश खायला लावणारा पदार्थ आपल्या फायद्याचा असतो. भरपूर चोथा, भरपूर पाणी, स्निग्ध जवळपास नाही. वजन कमी करणाऱ्याला मी पान भरून खा म्हणते असा सणाचा हा एक पदार्थ आहे. दोन वाट्या घ्या, तीन घ्या. शक्य असेल तर चतुर्थीनंतरही एक-दोनदा करायला सांगा. भाज्या परसात असतात, करणाऱ्या मात्र दमलेल्या असतात, तेव्हा चिरायला स्वतः बसा.

तवसं, म्हणजे मोठी काकडी, हेही याच दिवसांतलं. गणपतीवरच्या माटवीला, म्हणजे फळा-पानांच्या छताला, बांधलेली तवशी विसर्जनानंतर उतरवतात, त्यांची कोशिंबीर करा. त्याच तवशाचं गुळ घातलेलं धोंडस, म्हणजे भाजलेला केकसारखा पदार्थ, झालं की तो गोड पदार्थ झाला, तो लाडवासारखाच मोजायचा.

गौरीला आमच्याकडे वडे-सागोती असते. तिथे काय करायचं?

बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि श्रावण पाळून झालेली मंडळी त्या दिवसाची वाट बघत असतात. सागोतीतली कोंबडी किंवा मटण ही अडचण नाही, त्यातून प्रथिनं मिळतात आणि पोट टिकून राहतं. जड पडतं ते वाटपाचा दाट रस्सा आणि वडे. एक वडा दीडशे कॅलरींच्या आसपास जातो. तेल पुरेसं तापलेलं नसताना सोडला तर तो फुगत नाही आणि तेल पितो, मग त्याहून जास्त. टम्म फुगलेले, हाताला तेल न लागणारे दोन वडे घ्या. पुढची सागोती आंबोळीशी किंवा घावण्याशी खा. रश्श्यावरचा तवंग वाढतानाच डावाने बाजूला करता येतो. फोडी घ्या, रस्सा बेताने घ्या, सोबत कांदा-काकडी असू द्या.

त्या रात्री पुन्हा तेच जेवण असतं. दुपारी वडे झाले असतील तर रात्री सागोती आणि थोडा भात पुरे.

"वर्साचो सण आसा, घे आणखी एक" असं म्हणून पानात वाढतात. नको म्हटलं तर काकी रागावते.

काकी रागावत नाही, तिला वाईट वाटतं. सकाळपासून चुलीपाशी उभी असते आणि तुम्ही वर्षातून एकदा येता. तेव्हा "मी डाएटवर आहे" हे वाक्य पंगतीत उच्चारू नका. त्याने चर्चा सुरू होते, शेजारचा सांगतो की त्याला काहीच होत नाही, कोणी म्हणतं की किती बारीक झालात, आणि शेवटी मोदक पानात पडतोच.

त्याऐवजी पहिल्यापासून थोडं वाढून घ्या. पहिला वाढप लहान घेतला की दुसऱ्यांदा मागता येतं, आणि मागून खाल्लेलं वाढणाऱ्याला सगळ्यात जास्त आवडतं. "काकी, आता पुरे, मागसून मागून घेतंय" असं सांगा आणि खरंच एखादी गोष्ट मागून घ्या. भाजी मागा, उसळ मागा, कढी मागा. पदार्थाचं नाव घेऊन तारीफ करा. पान रिकामं दिसलं की वाढणाऱ्याचा हात पुढे येतो, म्हणून शेवटचे दोन घास पानात राखून हळूहळू खा. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्वतः वाढायला उभं राहणं. वाढपी शेवटच्या पंगतीला बसतो, तेव्हा आग्रह करायला फारसं कोणी उरलेलं नसतं.

पानात अन्न टाकायचं नाही हा आपल्याकडचा संस्कार मोलाचा आहे. म्हणूनच नकार वाढण्याआधी द्यायचा, वाढल्यानंतर नाही.

घरच्या मोठ्यांनाही एक सांगणं आहे. पोरीबाळींच्या अंगावरून पंगतीत बोलू नका. जाड झालीस म्हणूनही नको आणि वाळलीस म्हणूनही नको. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली सणाला गावाला जायचं टाळतात ते जेवणामुळे टाळत नाहीत, या बोलण्यामुळे टाळतात.

वाडीत घरोघर दर्शनाला जावं लागतं. प्रत्येक घरी चहा आणि फराळ.

प्रसाद घ्यावा, चिमूटभर पंचखाद्य किंवा केळ्याचा तुकडा. लाडू-करंजी कागदात बांधून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. चहाकडे मात्र लक्ष द्या. दोन चमचे साखर घातलेल्या एका कपात दहा ग्रॅम साखर जाते. आठ घरं फिरलात तर ऐंशी ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असलेली चांगली. पहिल्या दोन घरी चहा घ्या, पुढे पाणी मागा. "आताच झाला" हे कोकणात सर्वमान्य उत्तर आहे.

रात्री भजन संपेपर्यंत बारा-एक वाजतात आणि मग खाणं येतं.

भजनाच्या रात्री घरचं जेवण लवकर आणि अर्धं घ्या, म्हणजे उसळीला जागा राहील. काळ्या वाटाण्याची किंवा चण्याची उसळ चांगलीच आहे, पाव एकच घ्या. बटाटेवडे असतील तर एक. जागरणाचा त्रास वेगळा असतो, झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं. रोज भजनाला बसत असाल तर दुपारी तासभर पडा. बायकांच्या फुगड्या-झिम्म्याची रात्र मात्र चुकवू नका, चांगला घाम निघतो.

हरतालिकेचा कडक उपास करून आधीच वजन उतरवून ठेवलं तर?

एका दिवसात जे उतरतं ते बहुतेक पाणी. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, भुकेल्या पोटी मोदकांवर बसलात तर काल वाचवलेलं दुप्पट जातं. उपास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, वजनासाठी करू नका. साबुदाण्याची खिचडी हलकी असते हा समज सोडा, तिच्यात पिष्ट, शेंगदाणे आणि तूप असतं.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. तेव्हा उपास मोडून ताबडतोब साखरपाणी घ्या. वाडीतून दवाखाना लांब असतो, पावसाळ्यात तर आणखी लांब. गोळ्या मुंबईत विसरून येणारेही दरवर्षी असतात, म्हणून त्या मोदकपात्राच्या आधी पिशवीत टाका. रक्तदाब असेल तर लोणचं, पापड आणि गौरीनंतर निघणारा सुका मासा बेताने.

भात सोडू का?

नका सोडू. एका जेवणाला एक मूद ठेवा. उकड्या तांदळाने रक्तातली साखर तुलनेने हळू वाढते, पण कॅलरी त्याच, म्हणून जास्त खाऊन उपयोग नाही. जड जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेज आणि रात्री कुळथाची पिठी-भात करायला सांगा. कुळथात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, पिठी पोटाला हलकी आणि करणारीलाही सोपी.

चालायला जायचं म्हटलं तर पाऊस आणि चिखल.

घरात काम भरपूर असतं, ते करा. विहिरीचं पाणी, नारळ सोलणं, अंगण लोटणं, मूर्ती व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) नेणं. पाऊस उघडला की सड्यावर (कातळाच्या माळावर) किंवा डांबरी रस्त्याने अर्धा तास. सकाळी, नाश्त्याच्या आधी, कारण एकदा पाहुणे यायला लागले की वेळ मिळत नाही.

परत आल्यावर काटा दोन किलो जास्त दाखवतो. सगळं वाया गेलं का?

लगेच काट्यावर उभे राहू नका. भात, गोड आणि मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं. नेहमीचं जेवण सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत ते निघून जातं आणि खरा आकडा दिसतो. त्या आकड्यासाठी उपाशी राहू नका, नेहमीच्या वेळा धरा.

काट्यापेक्षा पोटाचा घेर जास्त सांगतो. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही मर्यादा मानतात. जाण्याआधी मोजून लिहून ठेवा आणि आल्यावर आठवड्याने परत मोजा.

निघताना आई पिशवी भरते. लाडू, करंज्या, खाजा, फणसपोळी. हे सगळं मुंबईत एकट्याने संपवायचं?

दहा दिवसांत वाढत नाही ते वजन या पिशवीने पुढच्या तीन आठवड्यांत वाढतं. आईला नाही म्हणू नका, भरून घ्या. पण घरी पोचलात की त्याच दिवशी वाटण्या करा. शेजारी, ऑफिस, इमारतीचा वॉचमन. स्वतःसाठी आवडीची एकच गोष्ट ठेवा, ती लहान डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवा आणि रविवारी बशीत घेऊन खा. ओले नारळ खवून फ्रीजरमध्ये टाका, भाजीला जपून वापरता येतात. कुळथाचं पीठ, आगळ आणि उकडे तांदूळ मात्र जितके देतील तितके आणा. प्रवासात रेल्वेतल्या वड्यांवर भूक काढण्यापेक्षा डब्यात घावणे आणि सुकी उसळ घ्यायला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.